गाणं वाटेत अडतं, ठोका घरात येतो: रात्रीच्या 'बास'चं गणित

पर्यटनाचा हंगाम रंगात आला की उत्तर गोव्यातल्या बार्देश-पेडण्याकडची एक तक्रार वर्तमानपत्रांत हटकून दिसते. हणजूण, वागातोर, आसगाव, मोरजी, मांद्रे. गावाचं नाव बदलतं, मजकूर तोच: रात्रीची झोप गेली. हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंतही पोचलेला आहे. या बातम्या वाचताना एक गोष्ट मात्र बुचकळ्यात टाकते. घरमालक म्हणतो, खिडकीची तावदानं थरथरतात. पाहणीला आलेला माणूस आवाज मोजायचं मीटर धरतो आणि म्हणतो, आकडा तर मर्यादेच्या आसपासच आहे. वाचणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी एक जण थापा मारतोय. पुष्कळदा दोघंही खरंच बोलत असतात.

घरमालकाला जरा खोदून विचारलं, तर तो पुढचं सांगतो: "गाणं कुठलं ते कळत नाही हो, नुसतं धड् धड् धड् चालू असतं." सगळी गोम याच वाक्यात आहे. नाचणाऱ्यांपुढे गायकाचा आवाज, सिंथेसायझर, झांजा, टाळ्या असं सगळं वाजत असतं. पाऊण किलोमीटरवरच्या खाटेपर्यंत पोचतो तो फक्त ठोका. बाकीचं वाटेत गळून जातं.

ठोक्याचे दोन आकडे

ठोका म्हटलं की दोन वेगवेगळे आकडे डोळ्यांपुढे ठेवावे लागतात, आणि बहुतेक गोंधळ ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

पहिला आकडा लयीचा. हाउस प्रकारच्या संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असतात. १९९० च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून जगभर गेलेल्या 'गोवा ट्रान्स'मध्ये १३५ ते १५०. म्हणजे सेकंदाला दोनाहून थोडे जास्त. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते, तेव्हा ही लय धावत सुटलेल्या माणसाच्या छातीची आहे. (ठोके ऐकून हृदयही त्याच गतीने चालू लागतं, असं सांगणारे भेटतात. हृदय इतकं आज्ञाधारक नसतं.)

दुसरा आकडा प्रत्येक ठोक्याच्या आतला. सबवूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा एका सेकंदात ५०-६० वेळा मागे-पुढे होईल अशा गतीने हवा ढकलतो. या गतीला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. पुरुषाचा बोलण्याचा आवाज शंभर-सव्वाशेच्या आसपास सुरू होतो, 'स'सारखी अक्षरं काही हजार हर्ट्झवर असतात. ढोबळमानाने २०० हर्ट्झच्या खालचा भाग म्हणजे 'बास'.

थोडक्यात, हवेत सेकंदाला पन्नास वेळा होणारा कंप असतो आणि तो कंपच सेकंदाला दोन-अडीच वेळा चालू-बंद होत असतो. पन्नासची थरथर भिंतीतून आत येते. दोन-अडीचची चालू-बंद झोप घालवते.

लाट केवढी, यावर सगळं आहे

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. त्याला वारंवारतेने भागलं की एका लाटेची लांबी मिळते. १००० हर्ट्झची लाट जेमतेम ३५ सेंटिमीटर, म्हणजे हातभरही नाही. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर, म्हणजे २३ फूट.

शापोरा नदीच्या मुखाशी नांगरलेली होडी पाहा. तिच्या मागच्या बाजूला बारीक तरंग पोचत नाहीत, तिथे पाणी गुळगुळीत दिसतं. मोठी लाट मात्र होडी आहे की नाही याची दखलही न घेता तिला उचलते आणि पुढे जाते. बासचं तेच होतं. सात मीटरच्या लाटेला माडाचं खोड, कुंपणाची भिंत, शेजारच्या घराचा कोपरा यांनी फरक पडत नाही. ती वळसा घालून निघून जाते. हातभर लाटांना मात्र प्रत्येक अडथळा जाणवतो.

शिवाय उंच पट्टीचा आवाज हवाच शोषून घेते. काही हजार हर्ट्झचे सूर शेकडो मीटर जाईपर्यंत पुष्कळ विरतात, ५० हर्ट्झच्या बाबतीत हे शोषण जवळजवळ शून्य. अंतर दुप्पट झालं की पसरण्यामुळे ६ डेसिबल (हे आवाजाचं माप) कमी होतात, तो नियम सगळ्यांना सारखाच. बासला तेवढी एकच जकात भरावी लागते.

आणखी एक भानगड आहे हवामानाची. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते, त्यामुळे आवाज वर वळतो आणि लांब गेल्यावर डोक्यावरून निघून जातो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उलट होतं: जमीन लवकर थंड होते, वरची हवा तुलनेने उबदार राहते आणि आवाज खाली वळून पुन्हा गावावर उतरतो. वारा ज्या बाजूला वाहतो तिकडे तो जास्त पोचतो. संध्याकाळी खारे वारे आवाज गावाकडे आणतात, उत्तररात्री मतलई वारे त्याला समुद्राकडे नेऊ लागतात. म्हणून काल असह्य झालेला क्लब आज तेवढ्याच आवाजात वाजत असूनही ऐकू येत नाही. तक्रार करणारा खोटा ठरतो तो अशा वेळी.

चिऱ्याची भिंत आणि दहा फुटांची खोली

भिंत आवाज अडवते ती मुख्यतः तिच्या वजनामुळे. ढोबळ नियम असा की वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात आणि वारंवारता दुप्पट झाली तरी तेवढेच. दुसरा भाग इथे महत्त्वाचा. ५० पासून १००० हर्ट्झपर्यंत जायला सव्वाचार वेळा दुप्पट करावं लागतं. म्हणजे एकच चिऱ्याची भिंत गायकाच्या आवाजाला ठोक्यापेक्षा पंचवीसेक डेसिबल जास्त अडवते. हे झालं भिंतीचं. जुन्या घरावर कौलं असतात, खाली माळा नसला तर ती फटींसकट उघडीच. बासपुढे ते छप्पर नावालाच.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. खोली स्वतः त्यात भर घालते.

समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर लाटेच्या बरोबर निम्मं असेल तर ती लाट भिंतींमध्ये अडकून घुमत राहते. दहा फुटांच्या खोलीत हे ५६-५७ हर्ट्झला घडतं. आपल्याकडे झोपण्याच्या खोल्या दहा बाय दहा, दहा बाय बारा अशाच असतात आणि डीजेचा ठोकाही नेमका त्याच आसपास. अशा घुमणाऱ्या लाटेचा दाब भिंतींशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी असतो. खाट भिंतीला लावायची पद्धत, उशी भिंतीकडे. म्हणजे डोकं नेमकं दाबाच्या जागी.

हे घरच्या घरी तपासता येतं. ठोका चालू असताना उठा, कान भिंतीच्या कोपऱ्यापाशी न्या, मग हळूहळू खोलीच्या मधोमध या. फरक इतका असतो की आवाज कुणी कमी केला असं वाटावं. पाहणीला आलेला माणूस उभा राहतो कुठे? खोलीच्या मधोमध, नाहीतर बाहेर बाल्कांवात (ओसरीत), नाहीतर रस्त्यावर. उशीशी मीटर कुणी धरत नाही.

मीटरला बास कमी का दिसतो

डेसिबल हे आवाजाच्या दाबाचं माप, पण साध्या मोजपट्टीसारखं नाही. १० डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

आपला कान सगळ्या पट्ट्या सारख्या ऐकत नाही. खालच्या पट्टीला तो बराच बधिर असतो. म्हणून १९३० च्या दशकात मीटरसाठी एक दुरुस्ती ठरवली गेली, तिला 'ए' श्रेणी म्हणतात. ती बासमधले डेसिबल वजा करून टाकते. १०० हर्ट्झला १९, ५० हर्ट्झला तब्बल ३०. म्हणजे हवेत ५० हर्ट्झचा ७५ डेसिबलचा दाब असला तरी 'ए'वर तो ४५ दिसतो. आपल्या देशातल्या ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधली निवासी भागाची रात्रीची मर्यादा नेमकी ४५ आहे, तीही 'ए' श्रेणीत. दिवसा ५५, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

याच मीटरवर बहुधा 'सी' नावाची दुसरी श्रेणीही असते. ती ५० हर्ट्झला जेमतेम एक-सव्वा डेसिबल कापते. बटण बदललं की ४५ चे ७३-७४ होतात. आवाज तोच, जागा तीच.

वर हा आकडा सरासरीचा असतो. ठोका एक तृतीयांश वेळ चालू आणि उरलेला वेळ बंद असेल तर सरासरी शिखराच्या जवळजवळ ५ डेसिबल खाली येते. दोन गाण्यांमधली सामसूमही त्यात मिसळते.

"पण कानालाच बास कमी ऐकू येतो ना?"

हा आक्षेप साधा नाही, आणि ध्वनितज्ज्ञ तो घेतात तेव्हा त्यांचं बरोबरच असतं. ५० हर्ट्झचा ७५ डेसिबलचा आवाज कानाला खरोखरच सौम्य वाटतो. 'ए' श्रेणी ही फसवणूक नव्हे. रस्त्यावरच्या, सगळ्या पट्ट्या मिसळलेल्या आवाजाला ती ठीक काम देते.

घरात ती तीन कारणांनी कमी पडते. एक, भिंतींनी वरच्या पट्ट्या गाळून टाकलेल्या असतात. रात्री खेड्यातल्या खोलीत दुसरा आवाजच नसतो, त्यामुळे उरलेल्या ठोक्याला झाकायला काही राहत नाही. दोन, बासचा जोर कानाला फार भराभर चढतो. मधल्या पट्टीत आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, ५० हर्ट्झला सहाएक पुरतात. म्हणजे डीजेने मध्यरात्री बटण 'थोडंसं' फिरवलं तर ते शेजाऱ्याला थोडंसं वाटत नाही, आणि मीटर मात्र थोडंसंच सांगतो. तीन, तावदानं, कपाटाची दारं, फडताळातली भांडी वाजू लागतात, आणि तो खडखडाट बासचा नसतो, चांगला ऐकू येणाऱ्या पट्टीतला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीत ३० डेसिबलची शिफारस आहे आणि खालच्या पट्टीचा भाग मोठा असेल तर यापेक्षाही कमी मर्यादा ठेवावी, असं त्यांतच म्हटलं आहे. आपल्या नियमांत बासचा वेगळा विचार नाही. माझ्या मते भांडणाचं मूळ इथे आहे. क्लबवाल्याच्या उद्धटपणात किंवा गावकऱ्याच्या चिडचिडेपणात नाही.

"सवय होते हळूहळू"

पंख्याची, एसीची, रेल्वेचीही होते. कौलांवर कोसळणारा पाऊस याहून कितीतरी मोठा, पण त्यात झोप छान लागते. एकसारख्या सरसरणाऱ्या आवाजाकडे मेंदू लवकरच दुर्लक्ष करायला शिकतो. ठोक्याचं तसं होत नाही, कारण मेंदूला लय सापडली की तो पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागतो. ठरलेल्या जागी ठोका पडला नाही तर तिथेही मेंदूची प्रतिक्रिया उमटते, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे.

आणि डीजेची सगळी करामत याच वाट पाहण्यावर उभी असते. तो मध्येच बास काढून घेतो, वरचे सूर चढवत नेतो, अर्धा-एक मिनिट ताणतो आणि मग बास एकदम सोडतो. नाचणारे त्या क्षणी उड्या मारतात. याला ते 'ड्रॉप' म्हणतात. खाटेवरच्या माणसाला यातलं वरचे सूर चढवणं ऐकूच येत नाही. त्याला मिळतं ते असं: ठोका, ठोका, ठोका, मग अचानक शांतता, 'सुटलो एकदाचा' असं वाटून डोळा लागतो न लागतो, तोच पुन्हा धडाड.

खिडक्या लावून घेतल्या तर? बंद खिडकी उंच पट्टी आणखी अडवते, बास फारसा नाही. रातकिडे आणि रस्त्याचा आवाज बाहेर राहतो, ठोका एकटा उरतो. कानातले बोळेही खालच्या पट्टीला सर्वांत कमी उपयोगी पडतात. पंखा चालू ठेवल्याचा त्यातल्या त्यात फायदा, कारण तो खोलीत थोडा एकसारखा आवाज भरतो.

"मग घुमटाचं काय? जत्रेतल्या नाटकाचं काय?"

हा प्रश्न गोव्यात येणारच, आणि यायलाही हवा. चवथीला घुमट आरत्या रात्री उशिरापर्यंत चालतात. घुमटाचा नादही खालच्या पट्टीचाच: मातीच्या घटाचं मोठं तोंड कातड्याने मढवलेलं, दुसरं तोंड उघडं, डाव्या हाताने ते झाकत-उघडत नाद बदलायचा. (पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्यामुळे ते गेलं, आता बकऱ्याचं असतं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला.) पण घुमटामागे तळहाताची ताकद असते, सबवूफरमागे हजारो वॅट. घुमट वाड्यापुरतं घुमतं.

नाटकाचं उत्तर थोडं अवघड. दशावतारी किंवा देवळातलं उत्सवी नाटक रात्रभर चालायचं, आता रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवायच्या नियमाने त्यालाही कात्री लागते आणि लोक रागावतात. मुख्यतः संवादांच्या ध्वनिवर्धकातून बास फारसा निघत नाही, त्यामुळे दोन वाडे पलीकडे तो बराच कमी त्रास देतो, हे भौतिकशास्त्र झालं. नियमात ध्वनिवर्धक तो ध्वनिवर्धक. आणि शिगम्याच्या रोमटामेळामागे, म्हणजे मिरवणुकीमागे, ट्रकवर बॉक्सांची चळत लावली तर ती पार्टीच्या चळतीइतकीच बाधते, तिथे परंपरेचं नाव घेऊन सात मीटरची लाट आखूड होत नाही.

दहानंतर आकड्याचा प्रश्नच येत नाही

मीटरवरच्या वादात एक साधी गोष्ट हरवते. नियमांप्रमाणे रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक किंवा आवाज वाढवणारं यंत्र लावायलाच मनाई आहे. सूट आहे ती सभागृहासारख्या बंदिस्त जागेला, आतल्या आत ऐकण्यापुरती, आणि सार्वजनिक आणीबाणीला. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं, पण वर्षभरात सगळे मिळून जास्तीत जास्त १५ दिवस. त्यामुळे माडांखालच्या मोकळ्या जागेत साडेअकराला सबवूफर वाजत असेल तर तो ४० दाखवतो की ६०, हे विचारायचं कारण नाही.

आकडा लागतो तो बंदिस्त क्लबसाठी. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पत्र्याचं छत आणि काचेची दारं लावली की 'बंदिस्त' झालं असं मानलं जातं, आणि वर पाहिलेल्या वजनाच्या नियमाप्रमाणे पत्रा आणि काच बासपुढे किती टिकतात, ते वेगळं सांगायला नको. खरा उपाय महागडा असतो: मध्ये हवेची पोकळी ठेवलेली दुहेरी भिंत, जमिनीपासून रबरावर उचललेले स्पीकर.

स्वस्त उपायही आहेत. दोन-तीन सबवूफर विशिष्ट अंतरावर, विशिष्ट विलंबाने वाजवले तर मागच्या बाजूला त्यांच्या लाटा एकमेकींना मारतात आणि गावाकडे जाणारा बास बराच घटतो. लिमिटर नावाचं उपकरण बासला ठरलेल्या उंचीवर अडवतं, मग डीजेने बटण कितीही फिरवो. काणकोणात पाळोळ्याला हेडफोन घालून नाचायच्या पार्ट्या निघाल्या त्या दहाच्या नियमामुळेच.

"बास काढला तर उरलं काय?" असं डीजे विचारतील. थोडं उरतं. ५० हर्ट्झचा पाया काढला तरी त्याच्या पटीतले वरचे सूर राहतात आणि त्यांवरून मेंदू पाया स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ढोल ऐकू येतो तो असाच. छातीत जाणवणारा धक्का मात्र जातो, आणि नाचणारे पैसे त्याचेच देत असतात, हे मान्य करायला हवं.

तक्रार लिहिणाऱ्यांसाठी

मोबाइलवरच्या अ‍ॅपचा आकडा पुरावा म्हणून देऊ नका. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो, बास तो पुष्कळदा गाळतोच. उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाची तक्रार असेल तर वेळ आणि जागा एवढंच ठळक लिहा. दहानंतरच्या बंदीचा भंग हे ध्वनिप्रदूषण नियमांतल्या नियम ७ खाली तक्रारीला पुरेसं कारण आहे, डेसिबल मोजलेले असण्याची अट नाही. ११२ ला फोन केला असेल तर त्याची वेळही नोंदवा. बंदिस्त क्लबची तक्रार असेल तर पाहणीला येणाऱ्यांकडे तीन गोष्टी लेखी मागा: मोजमाप घराच्या आत व्हावं, खोलीच्या मध्याबरोबर उशीच्या जागीही व्हावं आणि प्रत्येक ठिकाणी 'ए' आणि 'सी' हे दोन्ही आकडे लिहिले जावेत. दोन्हींत १५-२० डेसिबलांचं अंतर निघालं तर त्या खोलीत बासचंच राज्य आहे, हे पाहणीच्या कागदावरच येतं.